सालिम उंटाच्या फुल्या

माझी बायको मैना गेली तेव्हा माझा मोबाइल गेटवरच्या लाकडी खणात होता. ओमानमध्ये दुक्मला आमच्या साइटवर मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर यासिर नावाचा ओमानी रखवालदार बसतो. तो मोबाइल घेतो, खणात ठेवतो आणि टोकन देतो. त्या दिवशी माझा खण सकाळपासून वाजत होता. दुसऱ्याचा फोन उचलायचा नाही असा नियम आहे, आणि यासिर नियम पाळतो. शेवटी थरथरून थरथरून मोबाइल खणातून खाली पडला. तो उचलताना यासिरच्या अंगठ्याने फोन चुकून सुरू झाला आणि पलीकडून माझी मुलगी आकांक्षा रडत बोलायला लागली. यासिरला इंग्रजी थोडं येतं. तेवढं पुरलं.

त्याने मला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "उत्तम, मदाम खलास."

त्याला वाईट बोलायचं नव्हतं. आमच्याकडे सिमेंट खलास होतं, पाणी खलास होतं, व्हिसा खलास होतो. त्याच्याकडे तोच शब्द होता. हे म्हणताना तो रडत होता.

तोवर गेटवर तीस-चाळीस माणसं जमली होती. माझ्याआधी त्यांना कळलं होतं. सगळ्यांनी मान खाली घातली आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. तेवढ्यात आमचा सेफ्टी मॅनेजर कौशिक धावत आला. तो आसनसोलचा, मनाने चांगला, पण गेटची पांढरी रेघ म्हणजे त्याच्यासाठी देशाची सीमा. ओरडला, "हेल्मेट पहनो सब लोग! दुख है, मगर हेल्मेट पहनो!"

सगळ्यांनी हेल्मेट घातलं. मग एकेक जण रेघ ओलांडून बाहेर आला, हेल्मेट काढलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, हेल्मेट घातलं आणि आत गेला. कौशिक स्वतःसुद्धा तसाच आला. माझा हात हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "दादा, और सालिम?"

सालिम कोण ते सांगायला हवं.

मी नोकरीने ड्राफ्ट्समन. पाइप कुठून कुठे जातात त्याची ड्रॉइंगं करतो. अकरा वर्षांपूर्वी कौशिकने माझ्या वहीच्या कोपऱ्यात एक उंट पाहिला आणि म्हणाला, हाच आपला सेफ्टी ऑफिसर. साइटवर सात-आठ भाषांची माणसं आहेत. सूचनेची पाटी कुणीच वाचत नाही. म्हणून दर महिन्याला एक चित्रकथा, एका पानाची, शब्द एकही नाही. हेल्मेट घातलेला उंट येतो, कुणीतरी मूर्खपणा करत असतो, उंट ते पाहतो, माणूस सुधारतो. पान छापून मेसमध्ये, शौचालयाच्या दारावर, बसमध्ये चिकटवतात. उंटाचं नाव सालिम. अरबीत सालिम म्हणजे सुखरूप.

पेन्सिल माझी आणि शाई मैनाची. मैना मस्कतजवळ अल अमेरातला आमच्या फ्लॅटमध्ये असायची, मी दुक्मला कॅम्पात. मी पेन्सिलने पान काढायचो आणि मस्कतच्या बस ड्रायव्हरकडे द्यायचो. ती शाई करून मस्कतलाच छापायला द्यायची. पान पाठवण्याआधी मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवायचो, बसमध्ये हरवलं तर असावा म्हणून. तो फोटो पुन्हा कधी उघडून बघितला नाही. हरवलंच नाही कधी.

शाई करणं म्हणजे गिरवणं असं लोकांना वाटतं. मलाही साधारण तसंच वाटायचं. पेन्सिलीच्या दहा रेघांमधली एक निवडायची आणि काळी करायची. जिथे पूर्ण काळं भरायचं, उदाहरणार्थ सावली, तिथे आम्ही पेन्सिलवाले स्वतः भरत बसत नाही. तिथे बारीक फुली मारून ठेवतो. फुली म्हणजे इथे काळं भर. ही या धंद्यातली साधी खूण आहे.

ती गेली तेव्हा टेबलावर एक पुस्तिका होती. बारा पानं. काम संपवून कायमचं घरी जाणाऱ्या माणसांना कंपनी ती देणार होती. त्यात सालिम हेल्मेट परत करतो आणि घरी जातो. बाराही पानांची पेन्सिल झाली होती. मैनाची सात पानं झाली होती. आकांक्षा म्हणाली, "बाबा, आईचा पेन नं, हातातच होता. सेव्हन्थ पेज ड्राय होतं." तिचं मराठी असंच आहे. आम्ही दोघांनी मिळून टेबल आवरलं नाही.

सगळं उरकून मी दुक्मला परतलो तेव्हा कौशिकने मला बसवून चहा दिला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, महिन्याचं पान, कारण शौचालयाच्या दारावर मागच्या महिन्याचं पान जुनं झालं होतं. दुसरी, ती पुस्तिका. महिन्याचं पान कुणालाही द्या, मी म्हणालो. पुस्तिकेला हात लावायचा नाही. उरलेली पाच पानं मैनासारखीच व्हायला हवीत. ओळखता येता कामा नये की हात बदलला.

"तो कौन करेगा?" कौशिकने विचारलं.

मी चहा संपवून उठलो.

महिन्याच्या पानासाठी त्याने सलालाहचा सुफियान शोधला. हा मूळचा दाभोळकडचा. तीस वर्षं सलालाहला दुकानांच्या पाट्या रंगवतो. ज्यूस, टायर, न्हावी, सगळं. आमच्या साइटच्या पाट्याही त्याच्याच. मी पेन्सिलचं पान बसने पाठवलं, सुफियानने शाई केली, कौशिकने, त्याच्या साहेबाने आणि साहेबाच्या साहेबाने सही केली, आणि पान छापून सगळीकडे लागलं. मी तेव्हा टाक्यांच्या पलीकडच्या कामावर होतो. मी ते बघितलं तेव्हा उशीर झाला होता.

सुफियानने फुल्यांना शाई केली होती. काळं भरलं नव्हतं. मी जिथे जिथे फुली मारली होती तिथे तिथे एक ठसठशीत, सुबक, रस्त्यापलीकडून दिसेल अशी फुली होती. उंटाच्या पोटाखाली फुली. शेडखाली फुली. टँकरच्या बाजूला तीन फुल्या. शेडमध्ये बसून पाणी पिणाऱ्या माणसाच्या पायाशी फुली.

चित्रात शब्द नसतात. फुली म्हणजे काय, ते प्रत्येकाने आपापलं ठरवलं. फिटर म्हणाले, ज्याच्या पायाशी फुली त्याची नोकरी जाणार. सुतार म्हणाले, खाली गॅसची लाइन आहे. पण तीन सह्या झालेलं पान होतं, त्यामुळे कौशिकच्या खात्याने अर्थ लावला तो सरळ होता. फुली म्हणजे धोका. आणि फुल्या सगळ्या सावलीत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोन रंगारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन निघाले आणि साइटवर जिथे जिथे सावली होती तिथे जमिनीवर फुली मारत गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माणसं शेडखाली बसायला गेली तर सुपरवायझर शिट्टी वाजवून त्यांना उन्हात काढायला लागला. मे महिना होता. दुक्मचं ऊन काय असतं ते मी लिहीत नाही. माणसं उन्हात बसून सावलीतल्या फुलीकडे बघत डबा खात होती.

दुपारनंतर सावली सरकली. फुल्या उन्हात आल्या आणि सावलीत फुली उरली नाही. हे कुणीतरी कौशिकच्या लक्षात आणून दिलं. मग रंगारी पुन्हा निघाले. जुन्या फुल्यांवर माती टाकायची, नव्या जागी फुली मारायची. संध्याकाळपर्यंत ते सावलीच्या मागे फिरत होते. शेवटी एका रंगाऱ्याची स्वतःची सावली फुली मारायच्या जागेवर पडली. तो गोंधळून उभा राहिला आणि यल्ला, यल्ला, चल लवकर म्हणून सुपरवायझर त्याच्यावर ओरडत राहिला.

मी कौशिकच्या केबिनमध्ये गेलो. सांगितलं की ती खूण आहे, तिथे काळं भरायचं असतं.

"दादा, तीन सही है," तो म्हणाला.

"सह्या चुकीच्या कागदावर आहेत."

"कागज़ पे सही है तो कागज़ चुकीचा कसा?" तो रागावला की अर्धं मराठी बोलतो. अकरा वर्षांत एवढं शिकलाय. "मीटिंग लावतो. इन्शाल्ला गुरुवारी."

"आणि तोवर माणसं उन्हात?"

त्याने बराच विचार केला. मग त्याने हुकूम काढला की मीटिंगपर्यंत फुलीच्या शेजारी बसायला हरकत नाही, फुलीवर बसू नये. माणसं सावलीत आली. फुलीभोवती गोल करून बसली.

मीटिंगला सुफियानला सलालाहहून बोलावलं. बसमधून उतरला तो दोन नारळ आणि ब्रशांची पेटी घेऊन. पोट सुटलेला, मेंदी लावलेली दाढी, आवाज मोठा.

"उत्तमभाई, वाईट झालं," तो म्हणाला. "मैनाभाभींचा उंट मी सलालाहच्या वर्कशॉपातसुद्धा लावलेला बघितलाय. हा नारळ घ्या. माझ्या घरामागच्या बागेतला हाय."

मी त्याला विचारलं, फुलीला शाई का केली.

"तुमी काढली होती म्हणून."

"अरे, ती खूण असते."

"मला काय ठाऊक? मी पाट्या रंगवतो. गिऱ्हाइकाने जे लिहून दिलं तेच रंगवायचं. एकदा एकाने न्हाव्याच्या पाटीवर कैचीच्या जागी चमचा काढून दिला. मी कैची केली. त्याने पैसे दिले नाहीत, म्हणाला माझा चमचा कुठाय. तेव्हापासून मी कुणाचं काय सुधारत नाय. चमचा तर चमचा."

"पण उंट पण बिघडलाय," मी म्हणालो. हे मला फुलीपेक्षा जास्त लागलं होतं. "तो सालिम दिसतच नाही. रागीट दिसतो. इथल्या मालकासारखा, अर्बाबसारखा."

"तो मी नाय केला. तो तुमचाच हाय."

मी ऐकून घेतलं नाही.

मीटिंग मेसमध्ये झाली. कौशिकने विषय ठेवला होता: खरा सालिम कोणता. त्याच्या कार्यालयात अकरा वर्षांची सगळी पानं फायलीत होती. त्याने ती भिंतीवर ओळीने लावली होती, म्हणजे नव्या माणसाला नमुना मिळेल. माणसं जेवून ताटं धुवून आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. मीही उभा राहिलो. इतकी पानं एकत्र मी कधीच बघितली नव्हती.

सुरुवातीची पानं मैनाने ब्रशने केली होती. रेघ जाड सुरू व्हायची आणि केसासारखी संपायची. त्या सालिमला वजन होतं, पाय वाळूत रुतल्यासारखे. मग तिने टाक घेतला. रेघा बारीक झाल्या, अंगावर आडव्याउभ्या रेघांची जाळी आली, उंट म्हातारा आणि विचारी झाला. मग तिचं मनगट दुखायला लागलं, तिने साधी काळी पेनं आणली. सगळीकडे एकाच जाडीची रेघ. तो उंट साधा, सरळ, पोरांच्या पुस्तकातला. शेवटची दोन वर्षं आकांक्षाने टॅब्लेट दिला होता. मैना माझ्या पानाचा फोटो काढून त्यावरच शाई करायची. तिथे तिची रेघ पुन्हा ब्रशसारखी झाली, पण थरथर नव्हती. पुस्तिका मात्र तिने कागदावर, पेनाने घेतली होती. का, ते मी विचारलं नव्हतं.

माणसांचं भांडण लगेच सुरू झालं. जुने वेल्डर म्हणाले, ब्रशचा सालिम खरा, बाकी सगळे त्याचे भाचे. क्रेनला ओझी बांधणारे नेपाळी रिगर टाकाच्या बाजूने होते. नवी पोरं म्हणाली, टॅब्लेटवाला, कारण तो त्यांच्या इंडक्शनच्या, म्हणजे कामावरच्या पहिल्या दिवशी दारावर होता. एक केरळी इलेक्ट्रिशियन रडायला लागला. त्याच्या भावाच्या वेळचा सालिम पेनाचा होता आणि भाऊ आता इथे नाही. कौशिकने हात वर करायला सांगितलं. काहींनी दोन्ही हात वर केले. शेवटी चार सालिम निवडून आले आणि एकही हरला नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. सुफियानचा उंट सालिम नव्हे. "यह मैनेजमेंट का ऊंट है," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. कौशिक हसला नाही.

सुफियान भिंतीपासून हलला नव्हता. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "उत्तमभाई, मला सांगा, कुठल्या सालच्या मैनाभाभी करू?"

मला वाटत होतं तिचा एक हात आहे आणि तो हुबेहूब उचलायचा आहे.

"नाय म्हणजे हात चार दिसतात," तो म्हणाला. "पण डोळा एकच हाय. सगळीकडे डोळा तोच. तुमच्या पेन्सिलीत कसा होता?"

मी मोबाइल आणायला गेटवर गेलो. यासिरने टोकन घेतलं, खण उघडला. पांढऱ्या रेघेबाहेर उभं राहून मी जुने फोटो उघडले. सुफियान माझ्या खांद्यावरून बघत होता.

माझ्या पेन्सिलीतला सालिम प्रत्येक पानात माणसावर खेकसत होता. भुवया खाली, ओठ आवळलेले, डोळा माणसाच्या तोंडाकडे. सुफियानने केला होता तस्साच. आत भिंतीवरच्या पानांत मैनाने तो डोळा प्रत्येक वेळी किंचित खाली फिरवला होता. तिचा सालिम माणसाच्या तोंडाकडे बघत नव्हता, त्याच्या हाताकडे बघत होता, हाताला लागतंय का ते. खालचा ओठ तिने थोडा सैल सोडला होता.

"आणि ह्या फुल्या बघा," सुफियान म्हणाला. "ही इथे मारलीत तुमी. भाभींनी काळं तिथे भरलंच नाय. ते भरलंय पलीकडे, माणसाच्या मागे. म्हणजे माणूस उठून दिसतो. ही पण नाय ऐकली. ही पण नाय." तो एकेक फोटो सरकवत गेला आणि हसायला लागला. "भाई, बाईने तुमचं काय पण ऐकलेलं नाय!"

अकरा वर्षं लोक मला म्हणत आले, उत्तमदादा, तुमचा उंट किती मायाळू आहे. मी हो म्हणत आलो. मला खरंच वाटायचं की मी तो तसा काढतो.

यासिरने आतून विचारलं, "शू? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "मदाम."

मीटिंगचा निर्णय असा झाला की फुली म्हणजे धोका नव्हे. पण पुसायला वेगळं बजेट नव्हतं, म्हणून जमिनीवरच्या फुल्यांवर पिवळा रंग फासला. आता दुपारी माणसं पिवळ्या डागांवर पाय पसरून झोपतात. बाहेरून तपासणीला आलेल्या साहेबाने विचारलं हे काय, तर कौशिकने सांगितलं, विश्रांतीच्या जागा. साहेबाने कौतुक केलं.

महिन्याचं पान सुफियान करतो. मी त्याला सांगितलं, माझं ऐकू नकोस. त्याला हे फार आवडलं. पहिल्या पानात त्याने सालिमला मिशा दिल्या. मी फोन केला.

"तुमीच म्हणालात ऐकू नको."

"पण मिशा?"

"भाभी तुमचं ऐकायच्या नाय, पण उंटाचं ऐकायच्या. मला अजून उंट काय सांगतो ते येत नाय ऐकू. जरा थांबा."

तीन महिन्यांनी मिशा गेल्या. डोळा हळूहळू खाली येतोय. रेघ मात्र त्याचीच आहे, जाड, पाटीवरची. नव्याने आलेल्या मुलांना तोच सालिम खरा वाटतो आणि ते त्यासाठी भांडतात.

पुस्तिकेचं मी आधी स्वतः करून बघितलं. सुट्टीत अल अमेरातला आलो तेव्हा मैनाच्या खुर्चीत बसून तिचंच पेन घेतलं आणि आठव्या पानाच्या नकलेवर शाई केली. रेघ बरी आली. पण मी माझ्या प्रत्येक फुलीवर निमूट काळं भरत गेलो. मला स्वतःचं न ऐकणं जमत नाही. आकांक्षाने बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा आईचा नाही. हा चिडलाय." तिला मी फोटोंबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

मग मी पानं सुफियानला दिली. तो अल अमेरातला येऊन आमच्याकडे राहिला, मैनाची सात पानं समोर ठेवून जेवायचा, त्यांच्याशी मोठ्याने बोलायचा. "भाभी, इथे काय करू?" असं विचारायचा आणि माझ्याकडे बघून, "तुमाला नाय विचारत," म्हणायचा. त्याने आठ, नऊ, दहा आणि अकरा केली. हात बदललाय हे कुणालाही कळेल. सातव्या पानावर सालिम बारीक रेघेचा आहे आणि आठव्या पानावर एकदम जाड होतो, जणू वाटेत कुठेतरी पोटभर जेवला. मी ते चालवून घेतलं. कौशिकला सांगितलं, असंच छाप.

बाराव्या पानावर सालिम घरी पोचतो. दार उघडं आहे. दाराच्या आत मी पेन्सिलने पुष्कळ फुल्या मारून ठेवल्यात, म्हणजे आत अंधार. सुफियानने ते पान बराच वेळ धरलं आणि परत दिलं. म्हणाला, "हे भाभींनी काळं केलं असतं का नाय, मला नाय कळत."

मलाही कळत नाही. कौशिक दर गुरुवारी विचारतो. बाराव्या पानाची शाई व्हायची आहे.